चीत झाल्यावर

पंचगंगेला समुद्र ठाऊक आहे, पण दुसरा.
आपला, गगनबावड्याच्या घाटाखालचा,
तिनं जन्मताच पाठीमागं टाकला
आणि पूर्वेची वाट धरली.
आम्ही तिघं रोज पहाटे साडेपाचला
राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला
होड्या सोडतो, नाकं पश्चिमेकडं करून.
वल्हं थांबलं की नदी मागं नेते.
भांडत नाही. नुसती नेते.

हर्णै ते तेरेखोल. चौदा दिवस.
बँकेतला शिपाई ऐकून म्हणाला,
म्याडम, एसटी आहे की.

मुनीरची कयाक मालवणहून आणलेली, सेकंडहँड,
बुडाला उद्यमनगरातल्या फायबरचं ठिगळ.
त्यावरून तो हात फिरवतो, म्हशीवरून फिरवावा तसा,
आणि काठावरच्या खऱ्या म्हशी
रवंथ थांबवून बघतात.
भरतेश दिवस मावळल्यावर जेवत नाही.
त्याच्यासाठी अख्ख्या मोहिमेचं वेळापत्रक
पुन्हा मांडलं आम्ही:
चारला किनारा, साडेचारला स्टोव्ह,
सहाच्या आत ताट स्वच्छ.
वल्हवताना गुळाचे सुपारीएवढे खडे, तासाला एक.
वहीत मी ते जमाखर्चासारखे लिहिले,
माणशी एकशे बारा.

ताकद मात्र नदीनं नाही दिली,
हिंदुराव वस्तादांनी दिली.
तालमीत बाईला आत घ्यायची चाल नाही,
म्हणून त्यांनी सगळ्यांनाच बाहेर काढलं,
चिंचेखाली.
पहिला आठवडा माझ्याकडं पाठ करून
त्यांनी माझ्या बैठका मोजल्या.
एकही चुकली नाही.
आठव्या दिवशी वळले आणि म्हणाले,
"टाच उचलतीयास. पयल्यापास्नं."
मग करेल, मग मुद्गल, मग दोर.
खांद्यात असं काहीतरी जागं झालं
जे सत्तेचाळीस वर्षं बिनभाड्यानं राहत होतं.

अवघड होतं ते उलटणं.
मुद्दाम उलटायचं. डोकं पाण्याखाली,
पाय होडीत अडकलेले,
आणि कमरेच्या एका झटक्यानं पुन्हा वर.
मुनीरला तिसऱ्या दिवशी जमलं, मला महिन्यानं.
भरतेशला जमेना.
नाकात पाणी, डोळे लाल,
ओल्या टॉवेलात तो काठावर बसून राहिला.
मी तुमची गाडी चालवतो, म्हणाला,
किनाऱ्या-किनाऱ्यानं येतो. सामान बघतो.
कुणी काही बोललं नाही.
पलीकडच्या गुऱ्हाळाचा धूर
पाण्यावर अंग टाकून पडला होता.

वस्ताद त्या दिवशी पहिल्यांदाच नदीवर आलेले.
काठी चिखलात रोवून बराच वेळ बघितलं, मग विचारलं,
"पाठ लागली, डोस्कं खाली गेलं,
तरी कुस्ती सुटली न्हाई?"
नाही, मी म्हणाले. तिथनंच तर सुरू होते.
"आयला."
थोड्या वेळानं पुन्हा, "आयला.
आमी चीत झालो की खेळ खलास.
पाठीची माती झाडायची नि घरला जायाचं.
हितं चीत झाल्यावर डाव हाय व्हय.
माझ्या येळंला असता ह्यो खेळ, तर..."
वाक्य त्यांनी तिथंच ठेवलं
आणि काठी उपटून निघून गेले.

भरतेश उठला.
त्या दिवशीही जमलं नाही त्याला.
अकरा दिवसांनी जमलं,
आणि वर आला तेव्हा ओरडायचं विसरून
त्यानं आधी चष्मा चाचपला.

काल सामान तोललं.
टूथब्रशच्या दांड्या कापल्यात,
नकाशाच्या कोऱ्या कडा छाटल्यात.
वस्तादांनी आखाड्यातली माती दिली पुरचुंडीत,
हळदीचा नि ताकाचा वास अजून तिला.
"समुद्रात जमीन नसती. ऱ्हाऊ द्या."
वाण्याच्या काट्यावर भरली एकशे दहा ग्रॅम.
भरतेशनं आकडा दोनदा बघितला,
पिशवीतून आपला चमचा काढून ठेवला
आणि म्हणाला, हातानं खाईन.